नदी, दुसरा मजला, चिंचपोकळी

चाळिशी उलटली की माणसाच्या मागे एकतर छंद लागतो, नाहीतर पथ्य. आमच्या शाखेत दोन्ही पंथांचे लोक आहेत. हेडकॅशियर रोज सकाळी दुधीचा रस पितात आणि त्याची चव दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. कर्ज विभागातले एक गृहस्थ जुनी नाणी जमवतात. म्हणजे दिवसभर नोटा मोजून हौस भागत नाही म्हणून रात्री घरी चिल्लर मोजत बसतात. मला पथ्याची लहानपणापासून भीती. तेव्हा दुधीने गाठण्यापूर्वीच मी घाईघाईने छंद लावून घेतला. मासे पाळण्याचा.

आता यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. मासे काय, दातांच्या डॉक्टरकडेही असतात. खरं आहे. शिवाय गिरणगावात वाढलेल्या माणसाला काचेपलीकडचे मासे काही नवे नाहीत. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं गावाहून आलेल्या पाहुण्यांना राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला या क्रमाने फिरवून आणणं हा आमच्या चाळीचा कुळाचार होता. पाहुणे पोचवायला मीच जायचो. पुढे पुढे तर मासेच मला ओळखायला लागले असावेत. मला पाहिलं की कंटाळून पाठ फिरवायचे.

पण मला फिशटँक नको होता. मला नदी हवी होती.

फरक सांगतो. फिशटँक म्हणजे काचेचं डबकं. त्यात गोल्डफिश फिरतात ते पेन्शनर मंडळी बागेत फिरतात तसे. एक चक्कर, थांबायचं, तोंड उघडायचं, मिटायचं, दुसरी चक्कर. बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या असतो, तोच काय तो त्यातला कामाचा माणूस. नदीचं तसं नसतं. वाहत्या पाण्यातल्या माशाला नुसतं आहे तिथे राहायचं म्हटलं तरी मेहनत करावी लागते.

हे मला कळलं २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कर्जतला. हेडकॅशियरांची सासुरवाडी तिथली. शाखेतले आम्ही चौघे पावसाळी सहलीला गेलो होतो. बाकीचे तिघे भज्यांच्या मागे लागले आणि मी ओढ्याच्या काठी बसलो. वरून गढूळ पाणी धो धो कोसळत होतं, आणि त्या माऱ्यात एका खडकावर बोटभर लांबीचा एक मासा चिकटून बसला होता. रंग मातकट, पोट सपाट, दोन्ही बाजूंचे पर विमानाच्या पंखांसारखे आडवे. हनुवटीखाली गोल चकती असते, तिने तो दगडाला धरून राहतो. एवढ्या लोंढ्यात हा बुवा स्वस्थपणे शेवाळ खरवडून खात होता. चिंतामणीच्या आगमनाच्या दिवशी चिंचपोकळीच्या पुलावर गर्दीच्या उलट्या दिशेला तोंड करून एखादा माणूस निवांत शेंगदाणे सोलत उभा असावा, तसं ते दृश्य होतं. मी तासभर पाहत बसलो. माझ्या वाटणीची भजी संपली, पण नदीचं खूळ डोक्यात शिरलं.

या माशाचं नाव मळ्या. शास्त्रीय नाव गारा मुल्या. कर्नल साइक्स म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत एक गृहस्थ होते. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणं हे त्यांचं काम, म्हणजे तसे आमच्याच पंक्तीतले. त्यांनी इकडच्या नद्यांतल्या माशांचं वर्णन केलं, ते १८३९ साली छापून आलं. त्यात कितीतरी माशांना साहेबांनी आपल्या लोकांच्या तोंडची नावंच लावून टाकली आहेत. मळ्याचं मुल्या केलं, शिंगटीचं सींगटी केलं, महासीरातल्या एका जातीला खुद्री म्हटलं. आमच्याकडे पासबुकावर पाटलांचं पटेल होतं, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की साइक्ससाहेबांच्या काउंटरवर दुरुस्तीचा अर्ज घेऊन कुठला मळ्या आला नाही.

घरी हा विषय मी रविवारी जेवणानंतर काढला. आमचं घर म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि कोपऱ्यात मोरी. त्यात मी, सौ., कन्या आणि बाबा.

"नदी?" सौ. म्हणाली. "अख्खी?"

"तीन फुटांची."

"आणि वाहून वाहून जाणार कुठे? मोरीत?"

प्रश्न बिनतोड होता. त्यातच आदल्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटच्या एका दुकानदाराने वाहत्या पाण्यात राहणारा एक देखणा मासा सुचवला होता. अंगावर लाल आणि काळी पट्टी, केरळ-कर्नाटकातल्या खळाळत्या नद्यांतला. धंद्यातलं त्याचं नाव 'मिस केरळ'. ही माहिती मी हेडकॅशियरांना फोनवर सांगत होतो. "मिस केरळ फार महाग पडेल, आणि घरात ठेवायची म्हणजे जबाबदारी आहे," एवढं वाक्य सौ.च्या कानावर गेलं होतं. त्याचा खुलासा करण्यात माझी पाऊण दुपार गेली. मिस केरळ आलीच नाही. निसर्गात ती धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, आणि आमच्या घरात तर तिला त्याहून जास्त धोका होता.

एवढ्यात खाटेवरून आवाज आला, "वजन किती?"

आम्ही तिघेही दचकलो. कारण बाबा बोलले होते.

बाबा गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली, काही वर्षं खोकत खोकत चालली आणि मग एका सकाळी भोंगा वाजला नाही. हत्यारांची पेटी खाटेखाली गेली, ती गेलीच. त्यानंतरही आई होती तोवर बाबा भांडायला तरी बोलत. ती गेल्यावर तीन वर्षं त्यांचा दिवस म्हणजे वर्तमानपत्र, चहा आणि भिंत. भिंतीकडे तोंड करून ते इतका वेळ पडून असत की पोपडे कुठे धरलेत हे आम्हाला त्यांना विचारावं लागे.

मी हिशोब मांडला. कॉमर्सचा पदवीधर आहे. हिशोब म्हटलं की मला बळ येतं. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे तीन घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर. म्हणजे पंच्याऐंशी लिटर, तितकेच किलो. त्यात दगड, वाळू, काच आणि खालचा लोखंडी घोडा धरून दीडशे किलो. बाबा उठले. खोलीभर टाच आपटत फिरले. लाकडी जमिनीखालून तुळया कुठून जातात ते आवाजावरून ठरवलं, खडूने दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "इथे. दोन तुळयांवर आडवी. भिंतीला लागून."

त्या रेघांवर सौ.चं शिलाई मशीन उभं होतं. पण तीन वर्षांनी खाटेवरून उठलेल्या सासऱ्याला नाही म्हणायला तिला जमलं नाही. मशीन सरकलं.

आता प्रश्न पाण्याला वाहायला लावण्याचा. नुसता पंप लावला की पाणी टाकीत गोल गोल फिरतं. ती नदी नव्हे, ते वॉशिंग मशीन. परदेशातल्या हौशी लोकांनी यावर एक युक्ती काढलेली आहे. टाकीच्या तळाशी वाळूखाली पीव्हीसी पाइपांची चौकट घालायची. एका टोकाला स्पंज लावून पाणी आत घ्यायचं, ते वाळूखालच्या पाइपांतून दुसऱ्या टोकाच्या पंपांकडे आणायचं आणि पंपांनी ते पुन्हा पुढे फेकायचं. म्हणजे वर पाणी एकाच दिशेने धावतं आणि खालून गुपचूप परत येतं. हे सगळं मी बाबांना चित्र काढून अर्धा तास समजावलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे परतीची लाइन खालून. मग तसं सांग ना."

पेटी बाहेर आली. हॅक्सॉचं पान गंजलं होतं, ते मी लालबागेतून नवीन आणलं. एल्बो, टी, एंडकॅप, पाऊण इंची पाइप यांची यादी बाबांनी माझ्याच बँकेच्या पे-इन स्लिपच्या पाठीवर लिहून दिली. मी एक एल्बो कमी आणला तर मला खाली परत पाठवलं. चार दिवस खोलीत पीव्हीसीचा भुसा पडत होता, आणि चार दिवस सौ.ने तो न बोलता झाडला. हे दुसरं आश्चर्य.

पंप दोन. प्रत्येक तासाला बाराशे लिटर पाणी फेकणारा. म्हणजे पंच्याऐंशी लिटरचं भांडवल तासाला अठ्ठावीस वेळा फिरणार! आमच्या शाखेतल्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचं भांडवल वर्षात चार वेळा फिरलं तर तो पेढे वाटतो. दोन्ही पंपांना मिळून चाळीस वॅट, महिन्याला एकोणतीस युनिट. हा आकडा मी सौ.ला सांगितला नाही. तिनेही विचारला नाही. बिल तिच्याच हातात येतं.

नदी पहिल्यांदा वाहिली ती डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री. दगडांवरून पाणी असं काही खळखळलं की मी झोपेतही हसत होतो म्हणे. रात्री अडीचच्या सुमारास शेजारच्या काकूंना जाग आली. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं. पाण्याच्या आवाजाने चाळीतला माणूस जसा उठतो तसा आगीच्या बंबानेही उठत नाही. काकू "पाणी आलं गं!" अशी हाळी देत कळशी घेऊन बाहेर पडल्या. पाच मिनिटांत सगळा मजला बादल्या, हंडे, पिंपं घेऊन आपापल्या नळाखाली उभा. नळ कोरडे आणि आवाज तर येतोय! कुणी म्हणालं, पाइप फुटला. कुणी म्हणालं, वरच्या मजल्यावाल्यांनी चोरून मोटर लावली, आणि त्यावरून दोन मजल्यांत जुनी थकबाकीही वसूल झाली. खालच्या खोलीतले मामा तर कळशीऐवजी छत्री घेऊन आले होते. नदी आपल्या छतातून उतरणार अशी त्यांची पहिल्या दिवसापासून खात्री होती.

त्या आवाजाचा आणखी एक परिणाम झाला. तो लिहायचा की नाही हा विचार मी बराच केला. पण चाळीत राहिलेल्याला सांगायला नको आणि न राहिलेल्याला समजायचं नाही. रात्रभर वाहत्या पाण्याचा आवाज कानावर पडला की माणसाला दोनदा उठावं लागतं. आणि आमच्याकडे ती सोय गॅलरीच्या टोकाला आहे. मजल्यावरची ज्येष्ठ मंडळी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती.

काकू मात्र एक दिवस बोलल्याच. "लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माशांना नदी देताय."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आमच्या नळाला येतं ते काय? तानसा, वैतरणा, भातसा. नद्याच त्या. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला येतंय. सह्याद्रीच्या उतारावर उड्या मारणारी नदी धरणात अडते, मग जाड नळांतून कित्येक मैल आडवी पडून येते, आणि पहाटे आमच्या मोरीत डोळे उघडते तोच आम्ही तिला पिंपात कोंडतो. मी तिला फक्त पुन्हा चालायला लावत होतो. क्लोरीन उडून जावं म्हणून एक दिवस उघडं ठेवायचं, की झालं. पाणी मऊ, सह्याद्रीचं. मळ्याला हवं तेच. आठवड्याला वीस लिटर बदलायचं आणि काढलेलं पाणी गॅलरीतल्या तुळशींना. हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या तुळशीलाही घालत जा मग." तहाची कलमं तिथे ठरली.

आता मासे. २०२० च्या फेब्रुवारीत मी पुन्हा कर्जतला निघालो, तर बाबा सदरा घालून तयार. चार वर्षांत ते मजल्यावरून खाली उतरले नव्हते. हेडकॅशियरांच्या मेहुण्याने आम्हाला पेज नदीच्या काठाने नेलं. फेब्रुवारी असून नदी भरलेली. आजूबाजूचे ओढे सुकत चाललेले आणि ही मात्र खळाळतेय. मेहुणा म्हणाला, "मे महिन्यातसुद्धा आटत नाही. भिवपुरीच्या टाटांच्या पॉवर हाऊसचं पाणी आहे."

ही हकीगत मोठी गमतीची आहे. घाटमाथ्यावर मावळात ठोकरवाडीला धरण आहे. तिथलं पाणी मुळात इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते अडवून घाटाच्या या बाजूला भिवपुरीच्या वीजघरावर सोडलं, १९२२ साली. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालेलं. ती वीज कशासाठी? तर मुंबईच्या गिरण्यांसाठी. वाफेवर चालणाऱ्या गिरण्या हळूहळू सह्याद्रीवरून पडणाऱ्या पाण्यावर चालायला लागल्या. वीज काढून झाली की पाणी मोकळं सुटतं, ते पेज नदीला मिळतं, आणि पुढे उल्हास नदीला.

बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. एका हाताने माझा खांदा धरला होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमचं खातं चालवून झालं की हे पाणी इकडे सुटत होतं." थोड्या वेळाने, "आणि आम्ही समजायचो गिरणी जॉबर चालवतो." मग त्यांनी तोंड धुतलं.

मासे आम्ही बाजूच्या एका ओढ्यातून घेतले. पाच मळ्या, आणि अंगावर निळसर पिवळ्या रेघा असलेले सात चपळ दांडिओ. पाच लिटरचा डबा, त्याला सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप. कर्जत लोकलमध्ये डब्याभोवती गर्दी जमली. मासा म्हटला की आपला माणूस पहिला प्रश्न रेसिपीचा विचारतो. "मळ्या? भाजून खावा," एकाने सांगितलं. "छे, सुकट करावी," दुसरा म्हणाला. बदलापूरला चढलेल्या बाईंनी तर आमसुलं किती घालायची तेही सांगितलं. बाबांनी डबा मांडीवर घेतला आणि दादर येईपर्यंत वर हात ठेवून बसले.

महिन्याभराने सगळं बंद झालं. लोकल थांबल्या. चिंचपोकळी स्टेशनवरून गाड्यांचा आवाज येईना, तेव्हा चाळीला कितीतरी दिवस झोप लागत नव्हती. त्या दिवसांत आमच्या खोलीत एक गोष्ट मात्र चोवीस तास चालू होती. बाबांनी खाटेची दिशाच बदलली. पाठ भिंतीकडे, तोंड नदीकडे. बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या मागे त्यांनी मस्टर आखलं. मळ्या पाच, दांडिओ सात, रोज दोन वेळा हजेरी. पाण्याचं तापमान सकाळी, दुपारी, रात्री. तापमानाला महत्त्व फार, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. डबक्यातला मासा तेवढ्यात भागवतो. डोंगरी ओढ्यातल्या माशाला सवय पहिल्या वर्गाची; त्याचा जीव कासावीस होतो. म्हणून मे महिन्यात टेबलफॅन टाकीच्या तोंडावर लावला. पाणी उडून जाताना दोन-तीन अंश गार होतं. सौ. म्हणाली, "पंधरा वर्षं ओट्यापाशी उभी आहे, माझ्याकडे कधी पंखा नाही वळला." त्या संध्याकाळी दुसरा पंखा आला. तो हप्त्यावर.

आणि मग १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली. तुम्हाला आठवत असेल. आमच्या शाखेत तेव्हा पाळीपाळीने बोलावत. त्या दिवशी मी घरी होतो. पंखा थांबला, फ्रिज थांबला, कन्येची ऑनलाइन शाळा मधल्या मध्ये गोठली. पण बाबा खाटेवरून उठून बसले ते आवाज बंद पडला म्हणून. गिरणी बंद पडल्यासारखे ते टाकीकडे बघत होते.

वीस मिनिटांत दांडिओ वर येऊन तोंडं उघडायला लागले. मळ्यांनी दगड सोडले आणि काचेला चिकटून पाण्याच्या रेघेपर्यंत चढले. ऑक्टोबरचं ऊन. पाणी तीस अंशांवर. सेलचा पंप सोडला, पण पाच लिटरच्या डब्याला पुरणारा तो पंच्याऐंशी लिटरमध्ये म्हणजे दर्यात खसखस. मी फोनवर वीज कधी येणार ते शोधत होतो.

"फोन ठेव," बाबा म्हणाले. "तांब्या घे. पाणी वर उचल आणि उंचावरून सोड. फेस आला पाहिजे."

मी सुरू केलं. तांब्या बुडवायचा, डोक्याएवढा उचलायचा, दगडावर धार सोडायची. दोन पंप मिळून तासाला चोवीसशे लिटर फिरवत होते. मी दहा मिनिटांत दमलो. सौ.ने दुसरा तांब्या घेतला. मग कन्येने. एवढ्यात दारात खालचे मामा. मास्क हनुवटीवर, चेहरा त्रासलेला.

"आज आवाज का येत नाही? बंद केलीत का नदी? डोळा लागत नाही माझा."

दहा महिने ज्या आवाजाविरुद्ध मामांनी अर्ज लिहायला घेतला होता, त्या आवाजाशिवाय त्यांना सकाळची डुलकी येत नव्हती. पण तो मुद्दा काढायला वेळ नव्हता. बाबांनी त्यांच्या हातात टमरेल दिलं. वीज नाही म्हणून सगळा मजला गॅलरीतच होता. शेजारचा संगणकवाला मुलगा मार्चपासून बंद दाराआडून इंग्रजीत बोलत असे. त्याचा लॅपटॉप मेला तेव्हा पहिल्यांदा त्याचं तोंड, म्हणजे अर्धं तोंड, दिसलं. शाळा सुटलेली पाच-सहा पोरं होती. बाबांनी सगळ्यांच्या पाळ्या लावल्या. एका वेळी खोलीत दोघेच, खिडक्या उघड्या, दहा मिनिटांची पाळी, बाकीचे गॅलरीत सहा-सहा फुटांवर. पाळी बदलायची वेळ झाली की बाबा तोंडाने भोंगा वाजवत. हुबेहूब. पलीकडच्या इमारतीतला एक म्हातारा गिरणी कामगार तो ऐकून कठड्याशी येऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, "कितवी पाळी रे?"

"दुसरी!" बाबा ओरडले. "धार तुटू देऊ नका! फेस, फेस! मामा, ते अभिषेक करताय का? जोरात!"

काकूंनीही तांब्या आणला. तेव्हा अधिक महिना चालू होता आणि काकू अधिकात मासळीचं नावही घेत नाहीत. "शिवणार नाही हं मी. नुसतं पाणी घालीन," असं म्हणून त्यांनी दोन पाळ्या केल्या, आणि दुसरीला तर त्या पुटपुटत होत्या ते विष्णुसहस्रनाम असावं. त्यांची धार सगळ्यांत उंच. संगणकवाल्या मुलाने सायकलला हवा भरायचा पंप आणला आणि त्याची नळी पाण्यात सोडली. त्याला बाबांनी बढती देऊन मुकादम केलं. मी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदली कामगारच होतो.

दोन-अडीच तास हे चाललं. साडेबाराच्या सुमारास पंख्याची पाती हलली, आणि टाकीतून तो आवाज आला. गॅलरीत टाळ्या वाजल्या. पोरं ओरडली. मामा ताबडतोब खाली झोपायला गेले. बाबांनी शेवटचा भोंगा लांबलचक वाजवला, खाटेवर बसले, चष्मा पुसला आणि मस्टर ओढलं. हात थरथरत होता. कशाने ते मी विचारलं नाही.

दांडिओ सात. मळ्या चार.

दगड उचलून पाहिले. स्पंजामागे पाहिलं. खाटेखाली, घोड्याखाली बॅटरी मारली. मळ्या काचेवरून चढून बाहेर पडू शकतो हे आम्हाला ठाऊक होतं. बाबा पेन हातात धरून बसले होते आणि रकाना रिकामा ठेवत होते. मी म्हटलं, "बाबा, बारांतले अकरा..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून किंकाळी आली.

आम्ही धावलो. काकू ओट्यापासून चार हात लांब, पदर तोंडाला. ओट्यावर डाळ शिजलेली, आणि शेजारी त्यांचा स्टीलचा तांब्या. त्यातलं तळाशी राहिलेलं पाणी त्या मोरीत ओतायला गेल्या, तर आतून काहीतरी त्यांच्याकडे बघत होतं. तांब्याच्या आतल्या भिंतीला, बुडापासून दोन बोटं वर, मळ्या चिकटला होता. तांब्या उपडा केला तरी पडत नव्हता.

"अधिक महिन्यात," काकू म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात!"

बाबांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला, आमच्या खोलीत आणला आणि सबंध टाकीत बुडवला. मळ्या हलेना. पंधरा मिनिटं बाबा हात कोपरापर्यंत नदीत घालून उभे होते. दारात काकू, मागे सौ., गॅलरीत पोरं. मग त्या मळ्याने आपणहून चकती सोडली, धारेला तोंड केलं आणि जवळच्या दगडावर जाऊन बसला.

बाबांनी मस्टरवर पाच लिहिले. शेरा घातला, 'एक उशिरा'.

"तांब्या ठेवा आता तुमच्याकडेच," काकू म्हणाल्या. "पण मला नवीन पाहिजे. ह्याच मापाचा. आणि डाळ उतू गेली ती वेगळीच."